पीएचडी चालू असताना बाळंतपण : रजा लेखीच घ्या

बालाघाटची (बीड)

आपल्याकडची मुलगी एम.ए. नाहीतर एम.एस्सी. करते, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या मागे लागते, पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा देते, गाईड मिळवते. हे सगळं होऊन पीएचडीला नोंदणी होईपर्यंत पंचविशी आलेली असते. पुढची पाच-सहा वर्षं नेमकी लग्नाची आणि पहिल्या बाळंतपणाची. तरीसुद्धा विभागात एखादीला दिवस गेल्याचं कळलं की सगळे असे गडबडून जातात, जणू असं कधी घडलंच नव्हतं. अशा मुली मला फोन करतात. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा इथे नीट लिहून ठेवते.

रजा मिळते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीसाठीचे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यात महिला संशोधकांना पीएचडीच्या पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. २४० चा आकडा २०१६ च्या नियमांतही होता. शिवाय मुदत आहे. पीएचडी सहा वर्षांत संपवायची, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त दहा.

घोळ याच्या पुढे आहे. रजेच्या काळात फेलोशिप चालू राहणार का, हे २४० दिवस सहा वर्षांतून वगळणार का, मंजुरी कोण देणार, कागद कोणते लागणार, यातलं त्या कलमात काहीही नाही. ते तुमच्या विद्यापीठाच्या पीएचडी अध्यादेशावर आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्या नियमपत्रिकेवर सोडलेलं आहे. आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत विभाग बोलतो : "जा गं, बिनधास्त जा. कागदाचं नंतर बघू."

हे "नंतर बघू" फार महागात पडतं. बोलणारे बहुतेक वेळा मनापासूनच बोलतात, वाईट हेतू नसतो. पण आठ महिन्यांनी मुलगी लेकरू घेऊन परत येते तेव्हा त्या सत्राचा प्रगती अहवाल भरलेला नसतो. नियमाप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, आपण आरएसी म्हणतो तिच्यापुढे, उभं राहायचं असतं. तिथे ती गैरहजर. फेलोशिपच्या हजेरीपत्रकावर मधले महिने कोरे, त्यामुळे हप्ता अडकलेला. कधी विभागप्रमुख बदललेले असतात, आणि नव्या प्रमुखांसाठी ती न सांगता गायब झालेली विद्यार्थिनी असते. रजेवर होती याचा कागद कुणाकडेच नसतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. रजा प्रसूतीच्या आधी, लेखी मागा. अर्ज गाईडमार्फत विभागप्रमुखांना आणि त्यांच्याकडून पीएचडी विभागाला जाऊ द्या. अर्जात नोंदणी क्रमांक, रजा कधीपासून कधीपर्यंत, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अंदाजे तारीख, आणि एक स्पष्ट वाक्य हवं की हा काळ पीएचडीच्या मुदतीतून वगळावा आणि या सत्राचं आरएसीचं सादरीकरण पुढे ढकलावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून पोच घ्या. तेवढ्यावर थांबू नका, मंजुरीचा आदेश हातात पडेपर्यंत विचारत राहा. परत आलात की त्याच दिवशी रुजू अहवाल द्या, त्याचीही पोच घ्या.

वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी आपापल्याकडची परिस्थिती लिहावी. फक्त विभागाचं, गाईडचं, कुणाचंही नाव नको. त्या मुली अजून तिथेच शिकतायत.

पांढरंसोनं (परभणी)

ताई, शेतीवाल्यांची अडचण लिहिते. आमच्या कृषी विद्यापीठांचे शैक्षणिक नियम वेगळे असतात, ते आधी बघावे लागतात. पण नियम कुठलाही असो, तो दिवस मोजतो आणि आमचं काम हंगाम मोजतं.

माझा विषय तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी. पेरणी जून-जुलैत, फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फवारण्या तेव्हाच, निरीक्षणंही तेव्हाच. दोन खरीप हंगामांची आकडेवारी लागते. ज्या मुलीचं बाळंतपण ऑगस्टात आहे ती सव्वा महिन्यानंतर धीर करून आली तरी फुलोऱ्यात प्लॉटवर दिवसभर उभी राहू शकत नाही. तिची रजा आठ महिन्यांची आणि नुकसान एका वर्षाचं. हे आकड्यात कुठेच दिसत नाही.

आमच्या इथे एका सिनियर ताईचं असं निभावलं : तिने रजेवर जाण्याआधी प्लॉटचा पूर्ण आराखडा, कोणत्या ओळीत कोणती ट्रीटमेंट, किती दिवसांनी अळ्या मोजायच्या, एका झाडावर कुठे बघायचं, सगळं वहीत लिहून दिलं. ज्युनियर मुलाने मोजणी केली. आकडेवारी तिची आणि मोजणीत साह्य त्याचं, हे गाईडने आधीच लेखी दिलं होतं, त्यामुळे नंतर वाद झाला नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं आहेत. पोटुशी बाईने ती कालवूही नयेत आणि फवारलेल्या प्लॉटात लगेच शिरूही नये. "मास्क लाव आणि जा" हे पुरेसं नाही, कारण ही औषधं कातडीतूनही अंगात जातात.

चंचूपात्र (छत्रपती संभाजीनगर)

प्रयोगशाळेचं मी सांगते, कारण इथे आपली एक रीत आडवी येते.

तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्या घराघरातली पद्धत. आणि गर्भाचे अवयव घडतात ते नेमके पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे ज्या काळात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, डायमिथाइल फॉर्मामाइड यांच्यापासून सर्वांत जास्त लांब राहायचं, त्याच काळात मुलगी गप्प राहून रोजच्यासारखी रिअ‍ॅक्शन लावत असते. जीवशास्त्राच्या मुली झायलीनवर काम करतात, जेल रंगवायला इथिडियम ब्रोमाइड वापरतात. बरं, सांगावं तर बातमी अर्ध्या तासात कॅन्टीनपर्यंत जाते.

मी पद्धतीच्या विरोधात नाही. आईचं मन घाबरतं, पहिल्या काही आठवड्यांत गर्भ टिकेल न टिकेल, म्हणून ती चालत आली असेल. पण प्रयोगशाळेत एका माणसाला सांगाच. गाईड पुरुष असतील आणि जड जात असेल तर विभागातल्या एखाद्या मॅडमना सांगा. त्यांनी ते स्वतःजवळ ठेवून कामाची वाटणी बदलून द्यायची, बाकीच्यांना कारण सांगायची गरज नाही. थिसिसमध्ये वाचन, आकडेमोड, स्पेक्ट्राचं विश्लेषण असं टेबलावरचं काम भरपूर असतं, ते या महिन्यांत ओढून घेता येतं.

किरणोत्सारी पदार्थ किंवा क्ष-किरणांवर काम असेल तर सांगण्याला आणखी महत्त्व आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेप्रमाणे गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलीसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. न कळवता ही मर्यादा तुम्हाला लागू कोण करणार?

सरळरेषा

विषय चांगला आहे पण एक शंका. फेलोशिप जनतेच्या पैशातून येते. आठ महिने संशोधन होणार नसेल तर त्या काळाचे पैसे का द्यायचे? ज्यांना मूल हवं त्यांनी पीएचडी नंतर करावी. माझ्या बहिणीने तसंच केलं. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

बालाघाटची

सरळरेषा, शंका मांडलीत ते बरं झालं. हेच वाक्य मुलींना मुलाखतीतही ऐकायला लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये फेलोशिपची रक्कम वाढवली, त्या आदेशातच म्हटलंय की केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे प्रसूती रजा सर्व प्रकारच्या संशोधकांना मिळेल. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ संशोधकाला) ४२,००० रुपये मिळतात. ही रक्कम देणाऱ्या सरकारनेच संशोधक बाई बाळंतीण होऊ शकते हे धरलेलं आहे.

नोकरी करणाऱ्या बाईला १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली; आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिला कुणी म्हणत नाही की मूल हवं तर नोकरी नंतर कर. संशोधक विद्यार्थिनी कर्मचारी धरली जात नाही, म्हणून तो कायदा तिला थेट लागत नाही. मात्र नॅकच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या, फायली लावायच्या असल्या, परीक्षेला पर्यवेक्षक कमी पडले, सेमिनारचं आवतण वाटायचं असलं की तीच विभागाची कर्मचारी असते. काम करताना कर्मचारी आणि हक्क मागताना विद्यार्थिनी, हे मला मुळीच पटत नाही.

२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं होतं. विद्यापीठाने प्रसूती रजेपायी हजेरीत सूट नाकारली होती. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि म्हटलं की शिक्षणाचा हक्क आणि मातृत्वाचा निर्णय, यांतलं एकच निवडायची सक्ती बाईवर करता येत नाही. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीनेही पदवी-पदव्युत्तर मुलींसाठी हजेरी आणि परीक्षा अर्जाच्या तारखांत सवलतीचे नियम करा, असं विद्यापीठांना कळवलेलं आहे.

तुमच्या बहिणीचा निर्णय तिचा, त्याचा आदर आहे. पण "नंतर" म्हणजे कधी? तिशी उलटून पीएचडीला लागायचं, पस्तिशीत प्राध्यापकाच्या जागेची वाट बघायची. आपल्या भागात त्या जागा किती निघतात ते तुम्हीही जाणता.

सरळरेषा

सरकारी आदेशातच आहे हे माहीत नव्हतं. ठीक. माझा मुद्दा पैशापुरता होता.

मार्गदर्शक_सर (लातूर)

मी गाईड आहे. आमच्या बाजूनेही बोलायला हवं.

नियमाने प्रोफेसरला ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ विद्यार्थी घेता येतात. चार जागा असलेल्या माणसाचा एक विद्यार्थी दोन वर्षं लांबला तर ती जागा अडते. हे खरं आहे. आणि म्हणूनच काही गाईड लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच लग्न झालेल्या मुलीला काही ना काही कारण सांगून टाळतात. मुलाखतीत "पुढचं काय नियोजन?" असं विचारतात. मुलांना हा प्रश्न मी कधी विचारलेला ऐकला नाही. ही उघड अन्यायाची गोष्ट आहे आणि आमच्याच लोकांनी ती बंद केली पाहिजे.

त्यावर उपाय मुलींना टाळणं हा नाही. रजेवर असलेल्या विद्यार्थिनीचा काळ मुदतीतून वगळला तर तिच्यावरचा दबाव जातो, आणि तेवढ्या काळासाठी गाईडला एक जादा विद्यार्थी घेऊ दिला तर गाईडचीही कुरकुर थांबते. अभ्यास मंडळावर आणि विद्या परिषदेत असणाऱ्यांनी हे मांडावं. मी आमच्याकडे मांडलेलं आहे.

लेखी आदेशाचं म्हणाल तर तो मलाही हवा असतो. हजेरीपत्रकावर सही माझी असते. रजेचा आदेश नसताना मी "हजर" लिहिलं तर खोटं ठरतं आणि "गैरहजर" लिहिलं तर मुलीची फेलोशिप जाते. आदेश असला की मी शांतपणे "प्रसूती रजा, आदेश क्रमांक अमुक" असं लिहून सही करतो. मुलींना वाटतं सरांना कागद मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. उलट आहे.

एक युक्ती : आठव्या महिन्याच्या आधीच आरएसी लावून घ्या. विभागप्रमुखांना विनंती केली तर तारीख अलीकडे घेता येते. ते सत्र मोकळं होतं.

गोदाकाठ (नांदेड)

सगळं बायांचंच चाललंय म्हणून भीत भीत लिहायलोय. पीएचडीला मी आहे, बायको गृहिणी आहे. तिचं सिझर हिंगोलीला माहेरी झालं. मला रोज विभागात सही लागते, नाहीतर फेलोशिपचं बिल निघत नाही. बायको टाके पडलेली, तिला उठून पाणी घेता येत नव्हतं, आणि मी इकडे ग्रंथालयात बसून हजेरी लावायलो होतो. पुस्तक उघडं होतं, वाचत काहीच नव्हतो.

यूजीसीच्या त्या कलमात बापाचा उल्लेखच नाही. केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. संशोधकाला निदान तेवढी द्या ना. सासूबाईंनी सगळं केलं, त्यांचे उपकार आहेत. पण लेकरू माझंबी आहे.

चंचूपात्र

गोदाकाठ दादा, भीत भीत कशाला. बापाला रजा नसते तेव्हा सगळा भार आईवर आणि आजीवरच पडतो, म्हणजे हा आमचाही प्रश्न आहे.

मूळचा_जालन्याचा

तुलनेसाठी सांगतो, बायको ब्रिटनमध्ये पीएचडी करतेय. तिथे यूकेआरआय या सरकारी संशोधन निधी संस्थेच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांना ५२ आठवड्यांपर्यंत प्रसूती रजा घेता येते. पहिले २६ आठवडे पूर्ण विद्यावेतन, पुढचे १३ आठवडे कमी दराने, शेवटचे १३ बिनपगारी. जोडीदारालाही दोन आठवड्यांपर्यंत पूर्ण विद्यावेतनासह रजा. आणि जेवढी रजा तेवढी सबमिशनची तारीख पुढे जाते. आपल्याकडे दिवस कमी नाहीत, २४० हा आकडा चांगलाच आहे. तारीख आपोआप पुढे जाणं, ही गोष्ट आपण मागायला हवी.

अंबाजोगाईची_काकू

माझी सून मराठीत पीएचडी करायलीय. मी सातवी शिकलेली, फोनवर बोलून टाइप करायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकरू नऊ महिन्यांचं आहे. सव्वा महिना तिला खोलीच्या बाहेर येऊ दिलं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपा, सगळं रीतीनं केलं. तिसऱ्या महिन्यापासून ती म्हणायली, आई मला रोज चार तास बसू द्या. बसू दिलं. मी लेकराला घेऊन गल्लीतल्या मारुतीच्या पारावर जाते, तवर ती लिहिते. घरी हे होतंय.

पण विद्यापीठात जायचं म्हटलं की अडतंय. तिच्या सरांना भेटायला गेलो तर मी लेकरू घेऊन व्हरांड्यात बसले. अंगावर पाजायला जागा नाही. सून बाहेर यायची, दोघी बाथरूमच्या शेजारी जिन्याखाली कोपऱ्यात जायचो, मी पदर धरून आडोसा करायचे. एवढ्या मोठ्या इमारती आहेत. यष्टीच्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतोय, मग जिथं शिकलेल्या बाया जातात तिथं का नको? एक खोली, एक चटई, कडी लागणारं दार. लई मोठं काही मागत नाही.

आणि होस्टेलमधी लेकुरवाळीला राहू देत नाहीत म्हणून तिच्या मैत्रिणीनं बेगमपुऱ्यात खोली घेतली, भाडं, दूध, सगळं त्या फेलोशिपीत. ती फेलोशिपबी येळेवर येत नाही म्हणत होती.

बालाघाटची

काकू, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मी विद्यार्थी विकास विभागात देणार आहे, तुमची परवानगी असेल तर. नाव-गाव काढून.

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. ते कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, पण विद्यापीठात पाळणाघर असेलच तर संशोधकांची मुलं तिथे घ्यावीत असा ठराव करायला काहीच अडचण नाही. आणि काकूंची खोली तर कुठल्याही ठरावाशिवाय एखादे विभागप्रमुख उद्या उघडून देऊ शकतात.

अंबाजोगाईची_काकू

द्या की. नाव ठेवलं तरी चालतंय.

सिस्टर (छत्रपती संभाजीनगर)

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. पीएचडीच्या मुलींना वाटतं सरकारी योजना आपल्यासाठी नाहीत, आपण शिकलेल्या. असं काही नाही.

मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, ३,००० आणि २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. सरकारी नियमित नोकरी असलेल्यांना मिळत नाही, पण फेलोशिप ही नोकरी नव्हे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्याचा दाखला चालतो. पहिल्या हप्त्यासाठी गर्भारपणाची नोंद आणि निदान एक तपासणी लवकर झालेली लागते, म्हणून आशाताईंकडे नाहीतर अंगणवाडीत वेळेत नाव घाला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुली इथेच चुकतात. आशाताई त्यांच्या दारापर्यंत येते, पण घरमालकीण सांगते "त्या विद्यार्थिनी आहेत" आणि नाव राहून जातं. तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांची मोफत तपासणी असते, डॉक्टर बघतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं आणि जेवणासह मोफत आहे. १०२ ची गाडी आहे. गर्भारपणी लोहाच्या गोळ्या नियमित घ्या. खोलीवर राहून चहा-खारीवर दिवस काढणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन मी रोज बघते, थिसिसपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

कोरं_पान

इथे लिहू की नको कळत नव्हतं. माझं चौथ्या महिन्यात गेलं. दुसऱ्याच आठवड्यात आरएसी होती. मी गेले आणि सादरीकरण केलं, कारण काय सांगून पुढे ढकलावं तेच सुचलं नाही. अशा वेळी काही रजा असते का?

बालाघाटची

बाळा, आधी स्वतःला सांभाळ. चौथा महिना म्हणजे शरीराने खूप सोसलेलं असतं.

कर्मचाऱ्यांसाठीच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा आहे. पीएचडीच्या नियमांत त्यासाठी वेगळं कलम नाही, आणि हीच मोठी उणीव आहे. पण वैद्यकीय कारणाने आरएसी पुढे नेण्याचा अर्ज तू आजही करू शकतेस, पुढच्या कामासाठी वेळ मागू शकतेस. डॉक्टरांच्या दाखल्यावर "वैद्यकीय कारणास्तव विश्रांती आवश्यक" एवढं पुरतं. काय झालं ते कुणालाही सांगायची सक्ती तुझ्यावर नाही. हवं तर मला निरोप कर, अर्ज मी लिहून देते.

कोरं_पान

करते ताई.

सासर_पुणे

लग्न होऊन गाव बदललं तर? माझी नोंदणी नांदेडला, नवऱ्याची नोकरी पुण्यात. बाळ झाल्यावर ये-जा जमणार नाही.

मार्गदर्शक_सर

२०२२ च्या नियमांत याचीही सोय आहे. लग्नामुळे किंवा इतर कारणाने महिला संशोधकाला दुसरीकडे जावं लागलं तर संशोधनाची सामग्री घेऊन ती नव्या संस्थेत जाऊ शकते. अट अशी की ते काम मूळ संस्थेच्या किंवा गाईडच्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या गाईडचं श्रेय नोंदवावं. पुण्यात गाईडकडे जागा रिकामी आहे का ते पहिल्यांदा बघा.

ऊसतोडीवर_काम

माझा विषय ऊसतोड कामगार बायांचं आरोग्य. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये बीड जिल्हा गाजला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हापासून या विषयाकडे ओढले गेले. पांढरंसोनं ताईंनी हंगामाचं लिहिलं ते मला तंतोतंत लागू आहे. माझी माणसं दसरा-दिवाळीनंतर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, कोपीत (झोपडीत) राहायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. माझं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. म्हणजे या हंगामात फडावर जाणं नाही. पुढच्या वर्षी बाळ वर्षाचं असेल.

ज्या बायांच्या मुलाखती घेते त्या आठव्या महिन्यातही मोळ्या उचलतात. त्यांच्यापुढे माझी अडचण लहान वाटते आणि म्हणून मागायला जीभ उचलत नाही.

बालाघाटची

जीभ उचला. त्यांना रजा नाही हा अन्याय आहे, तुम्ही आपली सोडल्याने तो कमी होत नाही.

कामाचं म्हणाल तर या हंगामात आधी घेतलेल्या मुलाखतींचं लिप्यंतर आणि संदर्भ साहित्याचं प्रकरण होऊ शकतं. बाया एप्रिलमध्ये गावी आल्या की तेव्हा गावात भेटा. तिथे त्या मुकादमाच्या नजरेआड जास्त मोकळं बोलतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. गाईडशी बोलून आराखड्यात "फडावरील" ऐवजी "फडावरील व गावातील" एवढा बदल आरएसीतून करून घ्या.

नवी_नोंदणी (धाराशिव)

ताई, मला सारथीची फेलोशिप आहे, मैत्रिणीला महाज्योतीची, एकीला बार्टीची, सगळ्या राज्य सरकारच्या संस्था. आम्हाला २४० दिवस पैसे मिळतात का? आणि आमच्या विभागात अर्जच घेत नाहीत. "तोंडी सांगितलंय ना, पुरे" म्हणतात.

बालाघाटची

पैशाचं तुमच्या संस्थेची नियमपत्रिका सांगेल. विद्यापीठाने मंजूर केलेली रजा आणि फेलोशिप संस्थेने मान्य केलेली रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्हीकडे अर्ज करा. संस्थेला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आणखी एक, फेलोशिप पाच वर्षांची असते. रजेचे महिने त्या पाच वर्षांत धरणार की मुदत तेवढी वाढवणार, हा प्रश्न त्याच ईमेलमध्ये विचारा.

अर्ज घेत नसतील तर भांडू नका. तोच अर्ज विभागप्रमुखांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि कुलसचिवांच्या नावे स्पीड पोस्टने टाका. पोस्टाची पावती हीच पोच. तरी काही हललं नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, तिथे निकालाची मुदत ३० दिवसांची. तिथवर जायची वेळ क्वचित येते. स्पीड पोस्टचं पाकीट पोचलं की बहुतेक ठिकाणी फोन येतो.

नवी_नोंदणी

अर्जात प्रसूतीची तारीख कोणती लिहू? मी गावाकडे दाखवते तिथल्या डॉक्टरांनी एक सांगितली आणि सोनोग्राफीत दुसरी आली. आणि बाळंतपण माहेरी निलंग्याला आहे, दाखला तिथला चालेल ना?

मार्गदर्शक_सर

नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला कुठल्याही गावचा चालतो.

सिस्टर

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त जवळची असते. डॉक्टरांना तीच फाइलवर लिहून द्यायला सांग.

बालाघाटची

आणि अर्जात तीच लिही, "अंदाजे" हा शब्द घालून. बाळ अलीकडे-पलीकडे आलं तर जन्माच्या दाखल्याची प्रत जोडून रजेच्या तारखा दुरुस्त करायचा एका ओळीचा अर्ज द्यायचा. तो नवऱ्याने किंवा भावाने नेऊन दिला तरी चालतो, सही तेवढी तुझी हवी. म्हणून निलंग्याला जाण्याआधी दोन कोऱ्या अर्जांवर सही करून ठेवण्यापेक्षा मजकूर टाइप करून ठेव, तारखेची जागा मोकळी सोड आणि सही त्या वेळी कर.